सुईवाली वहिनीचं पेज

मलकापूर
१८ जानेवारी

प्रिय करिष्मा,

तू आम्हां सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस, म्हणून पोस्टात जावं लागलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, "राखी हाय काय?" जानेवारीत राखी! मी म्हटलं, "हाव, उशिराची." तिला हसू आलं, मलाही आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच असेल.

पत्ता तुझ्या मैत्रिणीने, भार्गवीने दिला. तिच्यावर रागावू नको. लग्न होऊन नागपूरला जायच्या आधी ती ब्लाऊज न्यायला दुकानात आली होती. तू कुठे आहेस हे तिला माहीत असणार, मी ओळखलं. खूप मागे लागले तेव्हा तिने सांगितलं, तेही मला गार्गीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून. माझ्या पोरीची शपथ मी मोडणार नाही. घरात हा पत्ता फक्त मला माहीत आहे.

घरी सगळे बरे आहेत. थंडीमुळे आईंचे गुडघे धरलेत. गार्गी "आत्या कधी येते" म्हणून विचारते, मी "परीक्षा झाली की" म्हणते. कोणाची परीक्षा ते तिनेही विचारलं नाही. तुझ्या दादांचा राग आता गेला आहे. साक्षगंध झाल्यावर तू लग्न मोडून गेलीस, त्याचं आता घरात कोणी नाव काढत नाही.

आता कामाचं लिहिते. माझा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. गणेशच्या दुकानातून जुना दुसरा घेतला. त्यात आपलं पेज उघडायला गेले तर पासवर्ड विचारला. तू ठेवलेला टाकला, तर चुकला म्हणतं. मग म्हणतं, नंबरवर सहा अंक पाठवलेत ते टाका. तो नंबर तुझा आहे, पेज तू काढलंस ना.

तर एवढंच कर. ते सहा अंक एका कार्डावर लिहून पाठव. वर नाव-गाव काही लिहू नको, नुसते अंक. मला समजेल.

पेजवर काय साचलं असेल याची मला धडकी भरते. लग्नसराई सुरू झाली आहे. जमेल तेवढ्या लवकर पाठव.

जेवतेस ना नीट?

तुझी
वहिनी


मलकापूर
३० जानेवारी

प्रिय करिष्मा,

तुझं कार्ड आलं नाही. बरं झालं आलं नाही. कार्डाची वाट पाहतेय असं मी गणेशला सांगितलं तर तो गल्ल्यावर डोकं ठेवून हसला. "ओटीपी म्हंजे काय लोणचं हाय काय वहिनी, वर्षभर टिकाले? दहा मिन्टात मरते ते!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, काय करणार. मला वाटलं होतं तो अंक आपल्या घराच्या नंबरासारखा कायमचा असतो.

मग त्यानेच रस्ता सांगितला. मी इकडे बटण दाबायचं, अंक तुझ्या जुन्या सिमवर येतील, तू लगेच मला फोन करून सांगायचे. म्हणजे दोघींनी एकाच वेळी बसायला हवं. तर रविवारी ९ फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता मी दुकानात बसून बटण दाबते. तू मला कोणत्याही नंबरवरून फोन कर, अंक सांग आणि ठेवून दे. बोलायचं नसेल तर बोलू नको. माझा नंबर तोच आहे.

रविवारी दुपारचं अशासाठी की त्या वेळी तुझे दादा नसतात. दर रविवारी ते रोहिणखेडला जातात. काम असतं.

हे माझ्यासाठी का एवढं अडलंय ते तुला सांगायला नको, तरी सांगते. रेडिमेड ब्लाऊज आले आणि स्टेशन रोडवरचे टेलर एकेक करून उठले. आपणही उठणार होतो. तू म्हणालीस, "वहिनी, मलकापूरच्या बाया येत नसतील तर पुण्या-मुंबईच्या बोलावू." मी तेव्हा म्हटलं होतं, बाईचं अंग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माप कसं घेणार? तू म्हणालीस, "माप कशाले घ्यायचं? आपल्या बाया काय करतात? जुना बसणारा ब्लाऊज आणून टाकतात ना समोर. तसाच कुरिअरने मागवू." पेजला नाव दिलंस 'सुईवाली वहिनी'. माझे नुसते हात दाखवायचीस, तोंड दाखवायची नाहीस. "तोंड दाखवलं तर बाया म्हणतील ही तर आपल्यासारखीच हाय," असं म्हणायचीस.

आता ऐक काय झालंय. मापाच्या ब्लाऊजांची पार्सलं तू गेल्यावरही येत राहिली. मी आपल्या सवयीने पार्सल फोडायचं, मापाचा ब्लाऊज नव्या कापडात गुंडाळायचा, चिंधीने बांधायचं आणि फळीवर ठेवायचं. दुकानातल्या गिऱ्हाइकाचा गठ्ठा मी हात लावून ओळखते. हा आंबूबाईचा, हा शिंदेबाईंच्या सुनेचा. त्याच सवयीने वरची पाकिटं मी बंबात घातली. कोणाचं काय ते पेजवर बायांशी तुझ्या गप्पांमध्ये लिहिलेलं असायचं ना, गळा खोल की बंद, बाही कोपरापर्यंत की लहान, पत्ता कोणता. मला वाटलं ते तिथे आहेच, दुसरा मोबाईल घेतला की दिसेल. आता तिथे जाता येत नाही आणि फळीवर गठ्ठे आहेत. कापड पैठणीचं, सिल्कचं. कोणाचं, कुठल्या लग्नाचं, काही कळत नाही. कात्री घेऊन बसते आणि परत ठेवते.

कुरिअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मायाकडे काय राह्यते? एकदा सही झाली की सगळं कंपनीकडं."

यंदा कापसाला भाव नाही. जिनिंग अर्ध्या मशीनवर चालू आहे, म्हणून दादांना सीझनला बोलावणं आलं नाही. दिवसभर घरीच असतात. दुकानावरच आहे सगळं.

रविवारी बारा वाजता. विसरू नको.

वहिनी


मलकापूर
१० फेब्रुवारी

करिष्मा,

काल बारा वाजता बटण दाबलं. मग साडेबाराला. मग एक वाजता. शेवटी मोबाईलवरच लिहून आलं की तुम्ही फार वेळा प्रयत्न केला, थांबा. फोन वाजला तो एकदाच, कर्ज पाहिजे का विचारायला. मी त्या पोरीला एवढी ओरडले की ती "सॉरी मॅडम" म्हणाली. नंतर वाटलं, तीही कुठेतरी तुझ्यासारखी बसली असेल.

पत्र पोहोचलं नसेल असं मी धरते.

आधी न सांगितलेलं आज सांगते. मोबाईल बादलीत पडला नव्हता. दादांनी भिंतीवर फेकला. तू गेलीस त्याच दिवशी. त्यांना वाटलं तुझे मेसेज माझ्याकडे असतील. फेकल्यावर लक्षात आलं की पेजही त्यातच गेलं. राग गेला असं मी लिहिलं होतं. गेलेला नाही.

आज दुकानात एक बाई आल्या. अकोल्याहून रेल्वेने उतरून विचारत विचारत आल्या. उंच, डोळ्यांना चष्मा, हातात पाण्याची बाटली. आल्या आल्या म्हणाल्या, "सुईवाली वहिनी तुमीच काय?"

मी म्हटलं, "हाव. बसा."

"बसाले नाई आली मी. पोट्टीचं लगन पंधरा दिवसावर आलं. तीन मैने झाले कापड पाठवून. मेसेज केले तर उत्तर नाई. मी पोलिसात जायाले निघाली होती, आमचे हे म्हणे आधी जाऊन तं पाह्य."

मी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी एकेक गठ्ठा हातात घेतला, चिंधी सोडायच्या आधीच बाजूला ठेवला. चौथा की पाचवा हातात घेऊन उभ्या राहिल्या. उघडला तर आत हिरवी पैठणी आणि एक जांभळा, काखेत विटलेला ब्लाऊज. "हा माया आईचा होता," त्या म्हणाल्या. "मले बसते, पोरीलेही बसते."

मी म्हटलं, "शिवून देते. आजच देते. बसा तुम्ही, चहा घ्या. गळा कसा पाह्यजे तेवढं सांगा."

त्यांनी गठ्ठा पिशवीत टाकला. "नाई जी. आता माया जीव लागत नाई. कोरं कापड तरी सापडलं." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "बाई, चोर असत्या तं बरं होतं. चोराले शिव्या तं देता येतात."

मी गठ्ठे परत बांधले. बाकीच्यांचं काय? त्यांनी रेल्वेचं तिकीट काढून यायचं का?

एक उपाय मीच केला होता. गणेशकडून माझ्या नावाचं नवीन खातं काढून घेतलं आणि आपल्या पेजवरच्या फोटोखाली लिहिलं, 'मीच शिवणारी आहे, ज्यांचे ब्लाऊज आहेत त्यांनी मला इथे कळवावे.' लोकांनी काय उत्तर दिलं माहीत आहे? 'ही फ्रॉड आहे, खऱ्या वहिनीच्या नावाने पैसे मागेल, सावध.' एकीने तर खात्रीने लिहिलं की खरी वहिनी अशी अशुद्ध लिहीत नाही. ती जी शुद्ध लिहायची ती तू होतीस.

फोन नको असेल तर तू स्वतः पेज उघड आणि गप्पा पाहून नावं आणि मापाच्या खुणा मला लिहून पाठव. दुकानावर नाही, पोस्ट दादांच्या हातात पडते. आंबूबाईच्या पत्त्यावर टाक, आपल्या मागच्या गल्लीत, ती वाचत नाही. किंवा काहीच नको, नुसतं एक कार्ड टाक की पत्र मिळालं.

तुला भीती वाटते हे मला कळतं. कशाची ते मला विचारू नको, मी रोज पाहते.

वहिनी


मलकापूर
२१ फेब्रुवारी

करिष्मा,

आंबूबाईकडे रोज जाऊन येते. आज ती म्हणाली, "अवं पुष्पांजली, कोनाच्या पत्राची एवढी वाट पाह्यते? या वयात?" आणि डोळा मारला. मी लाजल्यासारखं केलं. तिला तेच वाटू दे.

आता मी काही लपवत नाही. लपवायला अंगात जीव राहिला नाही.

दादा दर रविवारी रोहिणखेडला जातात ते गुलाबरावांकडे. ज्या मुलाशी तुझं साक्षगंध झालं त्याच्या काकांकडे. जिनिंग गुलाबरावांचीच आहे, आणि अर्ध्या मशीनवर का असेना, चालू आहे. मापाड्याचं, कापूस तोलायचं काम चालू आहे. फक्त दादांच्या जागी दुसरा बसवलाय. कापसाच्या भावामुळे नाही, तुझ्यामुळे. पण तेही अर्धंच खरं. भाव चांगला असता तर गुलाबरावांनी चालवून घेतलं असतं, माणूस दहा वर्षं जुना आहे. मंदीत त्यांना निमित्त पाहिजे होतं, ते तू दिलंस.

आणि ती माणसं अजून तयार आहेत. हे तुला माहीत नसेल. गुलाबराव दादांना म्हणाले, "पोट्टी आणा, आमी काई मनात ठेवत नाई. वैशाखात उरकून टाकू. अन् तुमी दुसऱ्या दिवशी कामावर या." दादांनी घरी येऊन हे आईंना सांगितलं. आई रडल्या. आनंदाने रडल्या करिष्मा. मी तिथेच भाकरी थापत होते.

तेव्हापासून एकच चालू आहे. "तुले मालूम हाय ती कुठी हाय ते." मी म्हणते, नाही. "तुमी दोघी दिवसभर संगं बसत होत्या, तुले कसं मालूम नाई?" मी म्हणते, नाही. काल म्हणाले, "मी काय तिले मारून टाकणार हाव काय? माई बहीण हाय ते. घरी आणतो, बस. ते आली की तुयं पेजही चालू, मायं कामही चालू. सगळ्यांचं भलं. तूच काऊन आडवी येऊन राह्यली?"

खरं सांगू? त्या क्षणी मला त्यांचं पटलं. गाळ्याचा मालक म्हणतो, मार्चअखेर गाळा सोडा, मला मोबाईलचं दुकान लावायचं आहे. फळीवरच्या सिल्कला कसर लागू नये म्हणून मी रोज कडुनिंबाचा पाला बदलते. गार्गीचे हात दुकानातल्या मशीनवर चालायला लागलेत. शाळेतून येऊन फॉल लावते, मी नको म्हणत नाही. आईंचं औषध अर्धं आणलं. तू तिथे बसून आहेस, तुझ्याकडे तेवढं एक सिम आहे, एक फोन करायचा आहे, आणि तो तू करत नाहीस. मला वाटतं तुला आता आमचं काही पडलं नाही. पुण्यात कुठल्या तरी गारमेंटमध्ये पॅटर्न कापायला शिकत असशील. तुझं ते स्वप्न मला पाठ आहे. छान. शीक.

काल बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की ती पुण्यात आहे. नुसतं पुणे. पुढचं नाही बोलले. दादा एकदम उठून उभे राहिले. मी म्हटलं, भार्गवी असं म्हणत होती, मला नक्की माहीत नाही. पण ते आता पुणे सोडणार नाहीत.

शेवटचं सांगते. रविवारी २ मार्चला बारा वाजता मी बटण दाबते. ते रोहिणखेडलाच असतील. त्या दिवशी फोन आला नाही, तर पुढे माझ्या तोंडून काय निघेल ते मला सांगता येत नाही. मी पोरीची शपथ घेतली आहे, पण पोरीलाच उपाशी ठेवायची वेळ आली तर त्या शपथेचं काय करू ते तूच सांग. मग मला दोष देऊ नको.

वहिनी


मलकापूर
३ मार्च, सकाळ

करिष्मा,

पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे. घाईत आहे, अक्षर चालवून घे.

आधी माझ्या गेल्या पत्राचं शेवटचं पान फाडून टाक. तसं मी तुला लिहायला नको होतं. तू ते वाचूनच फोन केलास, हे मला माहीत आहे. माझ्या धमकीने तू घाबरलीस आणि सिम चालू केलंस.

काल काय झालं ते तुला कळलं पाहिजे. नाहीतर तुला आयुष्यभर वाटेल की वहिनीला ऐकू आलं नाही, किंवा वहिनीने रागाने तोडलं.

दादा रोहिणखेडला गेले नाहीत. बारा वाजायच्या आधीच दुकानात आले, शेंगांची पुडी घेऊन, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. म्हणाले, "आज नाई जात. आज तुयं काम पाह्यतो." का थांबले, मला माहीत नाही. आंबूबाई बोलली असेल, गणेश बोलला असेल, नाहीतर माझ्याच तोंडावर दिसलं असेल. सकाळपासून मी तीनदा घड्याळ पाहिलं होतं.

मी बटण आधीच दाबून बसले होते. म्हटलं तू काही फोन करणार नाहीस, गेल्या वेळीही नाही केलास. मशीनवर फॉल लावत होते. मोबाईल मांडीवर होता. तो वाजला. नवीन नंबर. मी उचलला.

तू म्हणालीस, "वहिनी, जुनं सिम भीतीनं बंद ठेवलं होतं, आज चालू केलं. लिही." एवढ्या महिन्यांनी तुझा आवाज! तू इतकी हळू बोलत होतीस, जसं कोणी शेजारी झोपलेलं आहे. मग तू अंक सांगायला लागलीस. चार अंक मी ऐकले.

दादांचा शेंगा सोलायचा आवाज थांबला. समोर पाहिलं तर ते माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे पाहत होते.

मी म्हटलं, "राँग नंबर हाय जी." आणि ठेवला.

"कोण होतं?"

"कोण जाणे. भुसावळचं अस्तरवालं कोणी तरी."

"पाहू नंबर."

मी म्हटलं, "थांबा, एका बाईचं ट्रायल राह्यलं, तेवढं पाह्यते." बाई कोणी नव्हतीच. मी मोबाईल घेऊन ट्रायलच्या पडद्याआड गेले. त्या पडद्याआड पुरुष येत नाही. तुझे दादा रागाने काय काय करतील, पण लेडीज टेलरच्या दुकानात लहानाचे मोठे झालेत, तो पडदा ते बाजूला सारणार नाहीत. हे मला ठाऊक होतं.

आत उभी राहिले. मोबाईलवर पेजची ती चौकट तशीच होती, सहा रकाने रिकामे. चार अंक मला पाठ झाले होते. आणखी दोन. परत तुझा नंबर लावला असता, कुजबुजले असते, तू दोन अंक सांगितले असते. पलीकडे दादा उभे होते. पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या. पेज उघडलं असतं. कोणाचा गळा खोल, कोणाची बाही लहान, सगळं कळलं असतं. महिन्याभरात फळी रिकामी केली असती. गाळाही राखला असता बहुतेक. आणि मग बाहेर येऊन मोबाईल त्यांच्या हातात द्यावा लागला असता, तुझ्या नव्या नंबरासकट.

मी फार वेळ उभी नव्हते. तरी मला वाटलं पाय सुजले. अंगठ्याने आधी तुझा नंबर पुसला. कुठे कुठे उरतो ते गणेशने एकदा दाखवलं होतं, तिथून तिथून पुसला. मग पाहिलं तर चौकट म्हणत होती की वेळ संपली.

बाहेर आले. मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चाळला. त्यांना कळलं. माणूस मूर्ख नाही. म्हणाले, "करिष्मा होती."

मी म्हटलं, "नव्हती."

त्यांनी हात उचलला आणि खाली घेतला. मग स्टुलावर बसले आणि डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पुष्पा, मी काय करू सांग ना. मले दुसरं काई येत नाई. काटा लावनं येते, बस. कुठी जाऊ मी?" एवढं खरं ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते. मला त्यांची दया आली. तरी मी काही सांगितलं नाही. दया येऊनही सांगितलं नाही, हे मला माझ्याबद्दल आधी माहीत नव्हतं.

आज सकाळच्या गाडीने ते पुण्याला गेले. बरोबर गुलाबरावांचा एक पुतण्या आहे. पत्ता नाही, पण तू शिवणकामातच असणार हे त्यांना कळतं. म्हणाले, "गारमेंट गारमेंट फिरतो, सापडते." पुणे केवढं मोठं असेल त्याचा त्यांना अंदाज नाही, मलाही नाही.

म्हणून हे पत्र मिळालं की लगेच या गोष्टी कर. सिम चालू आहे तोवर पेज स्वतःच्या फोनवर उघड आणि नंबर बदलून तुझा नवा टाक. पेज आता तुझं. मला परत देऊ नको. त्यावर एक ओळ लिही, शुद्ध लिही, की ज्यांचे मापाचे ब्लाऊज आणि कापड पडून आहे त्यांनी मार्चअखेरपर्यंत मलकापूरच्या दुकानातून न्यावं, त्यानंतर पुष्पांजलीच्या घरून. आपलं घर कोणीही दाखवेल. मग त्यावर तुझं काम चालव. तुझ्या हातची प्रिन्सेस कटची शिलाई माझ्यापेक्षा बरी आहे, मी तोंडावर कधी म्हटलं नाही इतकंच.

मग सिम काढून तोड.

आमची काळजी करू नको. मशीन घरी नेते, गल्लीतलं फॉल-पिको करते. गार्गीला आजपासून मशीनवर बसू देत नाही, ते तेवढं मी ठरवलं. बाकी काय होईल ते मला माहीत नाही. काहीतरी होईल असं लिहिणार होते, पण तुला आता खोटं लिहायचं नाही.

कारखाना बदल. खोली बदल, आजच बदल. आणि नवा पत्ता मला कळवू नको, भार्गवीलाही नको. ते परत आले की मला पुन्हा विचारतील. या खेपेला मला खरंच माहीत नसू दे.

वहिनी